रात्रीचा दीर्घ एक्स्पोजर पुन्हा पुन्हा अस्पष्ट का येतो: दिव्याच्या ठिपक्यावरून दोष कसा ओळखावा

समस्या अशी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवलेला असतो, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) 100 असतो, अ‍ॅपर्चर एफ/8 (लेन्समधल्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) असते, शटर 15 ते 20 सेकंद उघडे ठेवलेले असते आणि गोव्यात पणजीला मांडवी नदीच्या काठावरून तिथल्या अटल सेतूचा फोटो काढलेला असतो. कॅमेऱ्याच्या मागच्या लहान पडद्यावर तो रेखीव दिसतो. घरी येऊन संगणकावर पूर्ण आकारात उघडला की मात्र पुलाच्या केबल एकमेकींत मिसळलेल्या, दिव्यांच्या कडा पसरलेल्या आणि पलीकडच्या तीरावरची घरे धुक्यात असल्यासारखी दिसतात. पुढच्या खेपेस एखादी गोष्ट बदलून पाहिली तर कधी फोटो चांगला येतो, कधी पुन्हा तसाच. दोष दरवेळी आला असता तर शोधणे सोपे गेले असते; तो अधूनमधून येतो म्हणूनच शिकणारा माणूस कंटाळून ट्रायपॉड माळ्यावर टाकतो.

मी पणजीजवळ रायबंदरला राहते आणि पावसाळा संपून आकाश निवळले की संध्याकाळी नदीकाठी फोटो काढायला जाते. पहिल्या हिवाळ्यात माझे बरेचसे फोटो असेच निघाले. लेन्सचा दोष असेल असे धरून ती मी दुरुस्तीला दिली. दुकानदाराने साफसफाईचे पैसे घेऊन ती परत दिली आणि फोटोंत काडीचाही फरक पडला नाही. मग वाचनात आलेले सगळे उपाय एकदम सुरू केले. एकाच संध्याकाळी सहा गोष्टी बदलल्यामुळे फोटो सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळेना, आणि बिघडला तरी कशामुळे ते कळेना. पुढे लक्षात आले की ‘फोटो अस्पष्ट येतो’ ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे निदान सहा वेगवेगळी कारणे असतात, त्यांचे उपायही वेगवेगळे असतात, आणि नेमके कोणते कारण आहे हे सांगणारी खूण त्या बिघडलेल्या फोटोतच उमटलेली असते.

ती खूण म्हणजे दूरचा दिवा. अर्धा-एक किलोमीटरवरचा रस्त्याचा दिवा कॅमेऱ्याच्या दृष्टीने जवळजवळ एक बिंदू असतो. शटर उघडे असलेल्या वीस सेकंदांत कॅमेऱ्याला, लेन्सला किंवा त्या दिव्याला जे काही झाले असेल ते सगळे त्या बिंदूच्या आकारात लिहिले जाते. म्हणून फोटो काढल्याबरोबर, ट्रायपॉड जागचा न हलवता, पडद्यावर तो जास्तीत जास्त मोठा करावा आणि मधल्या भागातला एक दिवा व चारही कोपऱ्यांजवळचे एकेक दिवे नीट पाहावेत. घरी जाऊन पाहू असे म्हटले की ती जागा, तो वारा आणि ती वेळ निघून जाते, आणि दोष कुठून आला हे शोधण्याची संधीही जाते.

त्याआधी एक चाचणी करून घेतली तर कारणांचे दोन सरळ गट पडतात. समजा आयएसओ 100, एफ/8 आणि 16 सेकंद अशी मांडणी आहे. फ्रेम न हलवता आयएसओ 6400 करावा, अ‍ॅपर्चर एफ/4 करावे आणि शटर 1/15 सेकंद ठेवावे. प्रकाश तेवढाच राहतो, कारण आयएसओचे सहा आणि अ‍ॅपर्चरचे दोन असे आठ टप्पे (एक टप्पा म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वेळेतून वजा होतात. हा फोटो सेल्फ टाइमर लावूनच काढावा. त्यात दाणे दिसतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे आणि फक्त दिव्याचा ठिपका पाहावा. या फोटोत ठिपका नेटका असेल आणि सोळा सेकंदांच्या फोटोत बिघडलेला असेल, तर दोष वेळेत आहे, म्हणजे काहीतरी हलले आहे. दोन्ही फोटोंत ठिपका सारखाच वाईट असेल, तर ट्रायपॉडला दोष देऊ नये. फोकस, दव किंवा काच यांपैकी कशात तरी गडबड आहे.

सगळ्या दिव्यांना एकाच बाजूला शेपूट

हे सर्वांत जास्त वेळा आढळणारे कारण आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. जुन्या सचिवालयासमोर, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्यासमोर, नदीच्या बाजूच्या फुटपाथवरून काढलेल्या एका फोटोत मला प्रत्येक दिव्याला स्वल्पविरामासारखे बारीक शेपूट दिसले. नदीपलीकडच्या बेतीच्या तीरावरच्या दिव्याला, पुलावरच्या दिव्याला, फ्रेमच्या कडेला आलेल्या धक्क्यावरच्या दिव्याला, सर्वांना ते सारख्याच लांबीचे आणि एकाच दिशेला वळलेले होते. मैलभर अंतरावर विखुरलेले दिवे एकाच वेळी एकाच बाजूला हलणे शक्य नाही. हलला तो कॅमेराच. दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन पाहिले तर ट्रायपॉडचा एक पाय जिथे ठेवला होता ती लादी सैल होती. तिच्यावर बोट टेकवून थांबले, तेव्हा मागच्या रस्त्यावरून बस गेली की लादीची थरथर बोटाला स्पष्ट जाणवत होती. उभ्या माणसाच्या पायाला ती कळत नाही, कारण चप्पल आणि शरीर ती शोषून घेतात; ट्रायपॉडचा धातूचा पाय मात्र ती जशीच्या तशी वर कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो.

शेपटाचा प्रकार पाहून हालचालीचा प्रकार कळतो. मूळ ठिपका तेजस्वी आणि नेटका असून त्याला फिकट शेपूट असेल, तर कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर होता आणि क्षणभरच हादरला. हा हादरा बसचा, वाऱ्याच्या झोताचा किंवा शटर दाबणाऱ्या बोटाचा असतो. ठिपक्याऐवजी सारख्या उजेडाची एक छोटी रेघ असेल, तर कॅमेरा पूर्ण वेळ हळूहळू सरकत होता. ही रेघ वरून खाली असेल तर जड लेन्समुळे ट्रायपॉडचे डोके वाकते आहे किंवा खालची प्लेट नीट आवळलेली नाही. मिरामारच्या वाळूत पाय रुतत गेले तरी अशीच रेघ येते. ओल्या वाळूवर ट्रायपॉड उभा करायचाच असेल तर पाय आधी जोर देऊन खोल रोवावेत आणि दोन-तीन मिनिटे थांबून मगच शटर उघडावे. मधले ठिपके ठीक आणि कोपऱ्यांतले ठिपके कमानीसारखे वाकलेले दिसले, तर ट्रायपॉडचे डोके एका बाजूला कलून कॅमेरा लेन्सच्या अक्षाभोवती फिरला आहे. आल्तिनोच्या टेकडीवरून शहराकडे खाली रोख धरून झूम लेन्स वापरली की आणखी एक प्रकार दिसतो: सगळ्या रेघा फ्रेमच्या मध्याकडून बाहेर जाणाऱ्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या असतात. तिथे कॅमेरा हललेला नसतो. लेन्सची नळी स्वतःच्या वजनाने पुढे घसरून झूम बदललेला असतो. नळीवर रबराचा पट्टा चढवला किंवा कागदी चिकटपट्टी लावली की हा दोष जातो.

उपाय क्रमाने सांगायचे तर आधी जागा पाहावी. सैल लादी, लाकडी फळ्या, नाल्यावरची झाकणे आणि फेरी बोट येऊन टेकते तो उतार या जागा टाळाव्यात. बोट टेकताना आणि वाहने चढताना तिथली जमीन हादरते. वाहतुकीच्या पुलांच्या फुटपाथवर दीर्घ एक्स्पोजर घेऊ नये; पूल हा वाहनांखाली थोडा हलावा अशाच रीतीने बांधलेला असतो आणि ते योग्यच आहे, पण कॅमेऱ्याला ते चालत नाही. अटल सेतूवर तर थांबण्याचा प्रश्नच येत नाही. 2019 साली खुला झालेला हा पूल वेगवान वाहतुकीसाठी आहे, त्यावर दुचाकींनाही मनाई आहे, आणि त्याचे रूप तसेही काठावरूनच चांगले दिसते.

जागा मिळाली की ट्रायपॉडच्या पायांचे वरचे जाड भाग आधी उघडावेत आणि तळचे बारीक भाग शक्यतो बंदच ठेवावेत. मधला दांडा वर काढू नये. तो वर काढला की तीन पायांचा आधार संपून कॅमेरा एका काठीवर उभा राहतो. कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा काढून ठेवावा, कारण नदीवरच्या वाऱ्यात तो शिडासारखे काम करतो. वजन म्हणून मधल्या आकड्याला पिशवी अडकवायची असेल तर ती जमिनीला किंचित टेकलेली असावी. लोंबकळणारी पिशवी घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि ज्या थरथरीवर उपाय म्हणून ती लावली तीच थरथर निर्माण करते.

शटर बोटाने दाबू नये. दोन सेकंदांचा टाइमर पुष्कळांना पुरेसा वाटतो, पण हलक्या ट्रायपॉडला बोटाच्या धक्क्यातून सावरायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून दहा सेकंदांचा टाइमर किंवा रिमोट बरा. डीएसएलआर कॅमेऱ्यात आरसा वर उडताना बसणारा झटकाही असतो. त्याचा त्रास साधारण 1/15 सेकंद ते एक-दोन सेकंद या पल्ल्यात जास्त होतो; वीस सेकंदांच्या फोटोत इमारतींवर त्याची खूण राहत नाही, पण प्रखर दिवे मात्र तेवढ्या अल्प वेळातही आपली शेपटे उमटवतात. आरसा आधी वर उचलून ठेवण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर ती वापरावी.

लेन्समधले किंवा कॅमेऱ्यातले स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करावे. हातात धरलेल्या कॅमेऱ्याची थरथर मोजून ती रद्द करणे हे त्याचे काम. ट्रायपॉडवर रद्द करण्यासारखे काही नसले की काही जुन्या लेन्स नसलेली हालचाल शोधत राहतात. त्याची खूण म्हणजे ठिपक्याच्या जागी गुंतलेल्या दोऱ्यासारखी बारीक गाठ दिसते, वारा नसतानाही दिसते, आणि प्रत्येक फोटोत तिचा आकार वेगळा असतो. नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखून आपोआप थांबतात असे उत्पादक सांगतात, तरी मी बटण बंदच ठेवते.

हे सगळे करूनही रस्ता जवळ असेल तर बसची थरथर टळत नाही. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे आणि ती मला फार उपयोगी पडली. शटर बल्ब मोडवर (बटण दाबून धरले तेवढा वेळ शटर उघडे राहते ती सोय) ठेवून रिमोटने उघडे धरावे आणि हातात एक काळा पुठ्ठा ठेवावा. बस किंवा ट्रक जवळ येताना दिसला की पुठ्ठा लेन्सला स्पर्श न करता तिच्यासमोर धरावा आणि जमीन शांत झाली की बाजूला घ्यावा. पुठ्ठा समोर असताना सेन्सरवर प्रकाशच पडत नाही, त्यामुळे त्या काळातला हादरा नोंदला जात नाही. एकूण उघड्या वेळेची मनातल्या मनात मोजणी ठेवावी. सोळा सेकंद हवे असतील तर पुठ्ठ्याविना सोळा सेकंद भरेपर्यंत शटर उघडे ठेवावे. सवय व्हायला दोन-तीन संध्याकाळी लागतात. याच युक्तीने एखाद्या गाडीचे प्रखर दिवे थेट लेन्सकडे वळतात तेवढा वेळही वगळता येतो.

ठिपक्याऐवजी गोल चकती

ठिपका सर्व बाजूंनी सारखा पसरून चकतीसारखा किंवा षटकोनासारखा झाला असेल, तर फोकस चुकला आहे. अंधारात ऑटोफोकस पुढेमागे शोधत राहतो आणि भलत्याच ठिकाणी थांबतो. पुष्कळजण मग लेन्सची फोकसची कडी शेवटपर्यंत फिरवतात, अनंत, म्हणजे फार दूरच्या वस्तूंचा फोकस, कडीच्या शेवटीच असतो असा समज करून. पण बहुतेक आधुनिक लेन्स अनंताच्याही थोड्या पुढे फिरतात, आणि तेवढ्याने दिव्यांच्या चकत्या होतात. योग्य पद्धत अशी की लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर थेट दृश्य) सुरू करून दूरचा एखादा दिवा दहापट मोठा करावा, हाताने कडी अगदी हळू फिरवावी, ठिपका लहान होत होत पुन्हा मोठा व्हायला लागला की थोडे मागे यावे, आणि तिथे ऑटोफोकस बंद करून टाकावा. त्यानंतर झूम बदलला तर फोकस पुन्हा करावा. झूम बदलल्यावर फोकस जागेवर राहतोच असे नाही, आणि शिकणाऱ्यांकडून ही एक गोष्ट हमखास राहून जाते.

पणजीच्या मळा किंवा फोंतेन्हास भागातल्या गल्लीत, जिथे दोन-तीन मीटरवरची रंगीत भिंत आणि गल्लीच्या टोकाचा दिवा दोन्ही स्पष्ट हवे असतात, तिथे वेगळा हिशेब करावा. फुल फ्रेम (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 24 मिमी लेन्स एफ/8 ला असेल तर साधारण 2.4 मीटरवर फोकस केल्यास 1.2 मीटरपासून अनंतापर्यंतचा भाग पुरेसा स्पष्ट येतो. नदीच्या फोटोंसाठी मात्र हा हिशेब वापरू नये, कारण त्यात दूरचे दिवे ‘पुरेसे’ स्पष्ट येतात, पूर्ण नाही.

स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली वाढवण्यासाठी अ‍ॅपर्चर एफ/16 किंवा एफ/22 पर्यंत मिटवण्याचा मोहही टाळावा. छिद्र फार लहान झाले की प्रकाश त्याच्या कडेवर वाकतो आणि संपूर्ण फोटो एकसारखा मऊ होतो. दिव्यांभोवती ताऱ्यासारखे किरण हवे असतील तर एफ/11 पर्यंत जावे. किरणांची संख्या अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर ठरते: पाती सहा असतील तर किरण सहा, सात असतील तर चौदा.

दिव्याभोवती खळे

चंद्राला खळे पडते तसे प्रत्येक दिव्याभोवती उजेडाचे वलय दिसत असेल आणि मधला ठिपका तरीही नेटका असेल, तर काचेवर काहीतरी बसले आहे. गोव्यात हे कारण इतके नेहमीचे आहे की कोरड्या प्रदेशातल्या लोकांनी लिहिलेल्या सूचनांवर विसंबणाऱ्याला ते लवकर सुचतही नाही. इथल्या हवेत ओल भरपूर असते. वातानुकूलित गाडीतून फोंड्याहून किंवा म्हापशाहून आलेला कॅमेरा थंड असतो. तो नदीकाठी बाहेर काढला की थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसे लेन्सच्या पुढच्या काचेवर बाष्प धरते. ते पुसून लगेच फोटो काढावा तर काच अजून थंडच असल्यामुळे वीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये पुन्हा बाष्प धरते, आणि दर फोटोत खळ्याचा आकार बदलत जातो. यावर पुसणे हा उपाय नाही. गाडीतून उतरण्याच्या आधी अर्धा तास वातानुकूलन बंद करावे, किंवा कॅमेरा पिशवीत बंद ठेवून पिशवीसकट बाहेर वीस-तीस मिनिटे ठेवावा, म्हणजे तो बाहेरच्या हवेइतका उबदार होतो. मी सूर्यास्ताच्या बरीच आधी जाऊन पिशवी न उघडता जागा शोधत फिरते, त्यामुळे तेवढा वेळ आपोआप जातो.

हिवाळ्यात उशिरापर्यंत थांबले की उलट घडते: आकाश निरभ्र असते, लेन्सची काच हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर दव पडते. लेन्सला हूड लावला तर दव उशिरा धरते. एकापाठोपाठ फोटो काढताना दर पाच-सहा फोटोंनंतर टॉर्चच्या उजेडात काच तिरकी धरून पाहावी. समोरून पाहिली तर दव दिसत नाही, तिरकी पाहिली तर दिसते.

तिसरा प्रकार खाराचा. दोना पावलाच्या धक्क्यावर किंवा मिरामारला वारा समुद्रावरून येत असेल तर तासाभरात काचेवर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर बसतो. हा थर कोरड्या कापडाने पुसला तर तो पसरतो आणि मिठाचे कण काचेवर ओरखडेही पाडू शकतात. आधी फुंकणीने कण उडवावेत, मग लेन्ससाठीच्या द्रावणाने ओलसर केलेल्या मऊ कापडाने मधून बाहेर गोल फिरवत पुसावे. खाराचे खळे दवासारखे बदलत नाही. ते सगळ्या फोटोंत सारखे राहते, आणि पुष्कळदा बोटाच्या ठशासारखे एका दिशेला जास्त ओढलेले असते.

काही दिवे बिघडलेले, बाकीचे ठीक

काठावरचे दिवे नेटके आणि पाण्यावरचे दिवे पसरलेले असतील तर कॅमेऱ्यात दोष शोधू नये. मांडवीत नांगरलेली कॅसिनो जहाजे स्थिर दिसतात, पण ती दोरावर फिरत आणि लाटांवर वरखाली होत असतात; बेतीची फेरी जवळून गेली की तिच्या लाटांनी त्यांची डुलण्याची गती वाढते. जहाज हा फोटोचा मुख्य विषय असेल तर वीस सेकंदांचा हट्ट सोडून आयएसओ वाढवावा आणि एक-दोन सेकंदांत फोटो घ्यावा. त्यात पाणी काचेसारखे गुळगुळीत येत नाही, पण जहाज जहाजासारखे येते. मांडवीत भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करते, आणि दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी यांच्या मधे पाणी थोडा वेळ थबकते. त्या वेळी जहाजे सर्वांत कमी हलतात. भरतीचे वेळापत्रक पाहून त्या वेळेच्या आसपास थांबले तर हा फरक ठिपक्यांत स्पष्ट दिसतो. जहाजांवरच्या बदलत्या जाहिरातींची अक्षरे मात्र दीर्घ एक्स्पोजरमध्ये एकमेकांवर चढणारच; ती वाचता यावीत असे वाटत असेल तर तेवढ्या भागासाठी एक छोटा एक्स्पोजर वेगळा घेऊन नंतर जोडावा.

साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री सजवलेल्या नौका सोडतात, तिथेही हाच नियम लागू पडतो: नौका सरकत असते म्हणून छोटा एक्स्पोजर, देऊळ आणि काठ स्थिर असतो म्हणून मोठा. त्या रात्री पौर्णिमेचा चंद्रही फ्रेममध्ये घ्यावासा वाटतो. चंद्र आकाशात स्वतःच्या रुंदीइतके अंतर साधारण दोन मिनिटांत कापतो, म्हणजे तीस सेकंदांच्या फोटोत तो पाव रुंदी सरकलेला आणि अंडाकृती दिसतो. तो कॅमेऱ्याचा दोष नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांच्या लाल रेषा सलग न येता टिंबाटिंबांच्या आल्या तरी घाबरू नये. अनेक गाड्यांचे मागचे एलईडी दिवे डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकत असतात, आणि चालत्या गाडीबरोबर ती लुकलुक रेषेत उमटते.

आकाशात उलटे दिवे, काळोखात रंगीत कण

पुलावरच्या दिव्यांची फिकट, बहुधा हिरवट नक्कल आकाशात उलटी दिसत असेल, तर लेन्सवर लावलेला यूव्ही फिल्टर काढावा. दिव्यापासून फ्रेमच्या मध्यातून सरळ रेघ काढली आणि ती पलीकडे तेवढ्याच अंतरावर त्या नकलेला भेटली, तर प्रकाश सेन्सर व फिल्टर यांच्यात परावर्तित झाला आहे हे पक्के. रात्री फिल्टरचा काही उपयोग नसतो.

काळ्या आकाशात लाल, निळे, हिरवे बारीक कण दिसतात ते सेन्सरचे तापलेले बिंदू. ते दर फोटोत त्याच जागी असतात, यावरून ओळखावेत. सेन्सर जितका उबदार तितके ते वाढतात. साधारण 6 ते 8 अंश सेल्सिअसमागे सेन्सरमधला हा अंधारातला प्रवाह दुप्पट होतो, म्हणून एप्रिल-मेच्या उकाड्यात तेच कण जानेवारीपेक्षा जास्त दिसतात. कॅमेऱ्यातली दीर्घ एक्स्पोजरची नॉइज रिडक्शन सोय सुरू केली तर कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा काळा फोटो घेतो आणि ते कण वजा करतो. वीस सेकंदांच्या फोटोनंतर आणखी वीस सेकंद कॅमेरा अडकल्यासारखा वाटतो तो यामुळे. त्या वेळेत बॅटरी काढू नये.

दिवाच मोठा दिसतो तेव्हा

कधी ठिपक्याला ना शेपूट असते, ना खळे, तरी तो फुगलेला पांढरा गोळा दिसतो. हा जास्त प्रकाशाचा परिणाम आहे. पूर्ण अंधारात इमारती दिसाव्यात म्हणून वेळ वाढवली की दिवे कैकपट जास्त उजळतात. यावर खरा उपाय वेळ निवडण्याचा आहे. सूर्यास्तानंतर आकाशात निळा उजेड असतो तेव्हा आकाश, भिंती आणि दिवे यांच्या तेजात सर्वांत कमी अंतर असते. आपण विषुववृत्ताच्या तुलनेने जवळ, सुमारे साडेपंधरा अंश उत्तरेला असल्यामुळे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि हा संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. डिसेंबरात सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर लगेच होतो, म्हणजे साडेसहा वाजता काम आटोपलेले असावे. उत्तरेकडच्या देशांतले लोक ‘निळा तास’ म्हणतात तसा तास इथे मिळत नाही, म्हणून फोकस, जागा आणि ट्रायपॉड यांची तयारी सूर्य असतानाच पूर्ण करावी.

पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांचा फोटो 8 डिसेंबरच्या फेस्तच्या रोषणाईत काढायचा असेल, किंवा मंगेशीची सात मजली दीपमाळ उजळलेली असताना काढायची असेल, तर हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. चाचणीसाठी आयएसओ 3200 ठेवून वेळ बदलत पाहावे. 1/2 सेकंदात दिवे जळून न जाता रंग टिकत असतील तर आयएसओ 100 ला पाच टप्पे जास्त, म्हणजे 16 सेकंद लागतील. हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाची विभागणी दाखवणाऱ्या आलेखाचा) उजवा कडा दिव्यांमुळे थोडा टेकणारच, पण भिंतींचा भाग टेकता कामा नये. फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावा, कारण जुने पिवळे सोडियम दिवे 2000 केल्विनच्या (उजेडाच्या रंगछटेचे माप) आसपास आणि नवे पांढरे एलईडी 4000 च्या वर असतात. दोन्ही एकाच फ्रेममध्ये आले की कोणताही एक व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरे दिसावे म्हणून केलेली रंगाची जुळणी) दोघांना मानवत नाही, आणि रंगाची ती ओढाताण नंतर निवांत बसूनच सोडवावी लागते.

दोन दोष एकाच वेळी आले तर ठिपक्यात दोन्ही खुणा दिसतात: खळ्याच्या आत शेपूट, किंवा चकतीला रेघ. अशा वेळी आधी काच, मग फोकस आणि शेवटी हालचाल या क्रमाने जावे, आणि प्रत्येक बदलानंतर एकच फोटो काढून तोच दिवा पुन्हा मोठा करून पाहावा. मी खिशात एक लहान वही ठेवते. तिच्यात जागा, वारा, वेळ आणि ठिपक्याचे पेन्सिलने काढलेले चित्र असते. जुन्या सचिवालयासमोरची ती सैल लादी तिच्यात खुणेसकट नोंदलेली आहे.

घरी परतल्यावर ट्रायपॉडच्या पायांच्या कड्या उघडून गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसाव्यात आणि रात्रभर पंख्याखाली वाळू द्याव्यात. दोना पावलाहून परतल्यावर एकदा माझ्याकडून हे राहून गेले. पुढच्या आठवड्यात वाळू आणि मीठ अडकल्यामुळे एका पायाची कडी पकड घेईनाशी झाली होती, आणि सेतूच्या प्रत्येक दिव्याखाली वरून खाली उतरणारी तीच बारीक, सारख्या उजेडाची रेघ पुन्हा उमटली.